लोगो बदलताना या चुका टाळा

नवा लोगो फसला की दोष बहुतेक वेळा चित्राला दिला जातो. फॉन्ट आवडला नाही, रंग भडक झाला, अक्षरं पातळ वाटतात, अशी बोलणी सुरू होतात. माझ्या पाहण्यात मात्र काम बिघडतं ते पहिली रेघ ओढण्याआधीच. लोक आपल्याला नेमकं कशावरून ओळखतात, हे कुणी विचारलेलंच नसतं. पहिल्या मीटिंगमध्ये काय बदलायचं याची लांबलचक यादी होते, काय ठेवायचं याची होत नाही. खाली सांगितलेल्या बऱ्याच चुका या राहून गेलेल्या यादीमुळे होतात. बाकीच्या होतात त्या फाइली आणि नियम नीट न सांभाळल्यामुळे.

ओळख कशात आहे हे न तपासता काम सुरू करणं

ट्रॉपिकानाचं उदाहरण डिझाइन शिकवणारे सगळेच देतात आणि ते द्यायलाच हवं. जानेवारी २००९ मध्ये या कंपनीने अमेरिकेत ज्यूसचा खोका बदलला. आधीच्या खोक्यावर संत्र्यात खुपसलेली स्ट्रॉ होती. तिच्या जागी ज्यूसने भरलेला ग्लास आला. आडवं लिहिलेलं नाव उभं झालं. नवा खोका स्वच्छ आणि आधुनिक होता, पण दुकानातल्या रॅकवर तो लोकांच्या नजरेला सापडेना. अनेकांना तो दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त ब्रँडचा वाटला. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारीतच कंपनीने जुना खोका परत आणायचं जाहीर केलं. गिऱ्हाईक खोका वाचत नव्हतं, लांबून ते स्ट्रॉवालं संत्रं हेरत होतं. नेमकं तेच काढलं गेलं.

ऑक्टोबर २०१० मध्ये गॅप या कपड्यांच्या कंपनीने वीसेक वर्षं वापरलेला निळा चौकोन काढून हेल्वेटिका फॉन्टमध्ये नाव लिहिलं आणि कोपऱ्यात एक छोटा निळा चौकोन ठेवला. आठवड्याभरात जुना लोगो परत आला. निळा चौकोन तसा राहिलाच होता, पण नावाला कवेत घेणारा चौकोन ही त्यांची खूण होती. नुसता निळा रंग ठेवून ती टिकली नाही.

हे टाळायला मोठं सर्वेक्षण लागत नाही. ऑफिसबाहेरच्या, तुमचं उत्पादन खरोखर वापरणाऱ्या काही जणांना कोरा कागद द्या आणि आठवेल तसा लोगो काढायला सांगा. चित्रं वेडीवाकडीच येतील, तशीच यायला हवीत. त्यात काय काय परत परत दिसतं ते पाहा. कुणी रंग सांगेल, कुणी गोल काढून आत पहिलं अक्षर लिहील, कुणाला नावाखालची रेघ आठवेल. बहुतेकांच्या कागदावर जे उतरलं ती तुमची पुंजी, तिला हात लावायचा तर फार विचार करून. जे एकाच्याही कागदावर नाही ते बेलाशक बदला. मग दुसरी चाचणी घ्या. लोगोतलं नाव झाका, चित्र धूसर करा आणि ‘हे कुणाचं?’ एवढंच विचारा. उत्तर आलं नाही तर चिन्हाने अजून नावाची जागा घेतलेली नाही हे समजा आणि नाव गाळायचा मोह आवरा.

मास्टरकार्डने हा क्रम पाळला. त्यांची एकमेकांत गुंतलेली लाल आणि पिवळी वर्तुळं १९६८ पासूनची आहेत. २०१६ मध्ये त्यांनी मधल्या आडव्या पट्ट्या काढल्या, वर्तुळांवरचं नाव खाली आणलं, पण वर्तुळं आणि रंग तसेच ठेवले. नाव पूर्ण काढलं ते २०१९ मध्ये. नावाशिवायही ८० टक्क्यांहून अधिक लोक चिन्ह ओळखतात हे तपासून झाल्यावर.

‘आता कंटाळा आला’ म्हणून बदलणं

लोगोचा सगळ्यात आधी कंटाळा येतो तो आतल्या माणसांना. ते तो दिवसातून शंभरदा बघतात. ग्राहक क्वचित बघतो आणि त्याला तो कुठे आत्ता ओळखीचा व्हायला लागलेला असतो. धंद्याचं स्वरूप बदललं, दोन कंपन्या एक झाल्या, नाव बदललं, मोबाइलवर लोगो वाचता येत नाही, कायदेशीर अडचण आली ही बदलायची खरी कारणं. त्यातलं तुमचं कोणतं ते एका वाक्यात लिहून काढा आणि निर्णय घेणाऱ्या माणसांकडून आधीच मान्य करून घ्या. पुढे ‘मला हा निळा नाही आवडत’ असं कुणी म्हणालं की ते वाक्य समोर ठेवता येतं. वाक्य लिहिताच येत नसेल तर जुन्याचीच सफाई करा. अक्षरांमधलं अंतर सुधारा, रंग नक्की करा, फाइली नीट बांधा. निम्म्या वेळा एवढंच हवं असतं आणि एवढ्यावर थांबायचा सल्ला द्यायला डिझायनरने कचरू नये.

निर्णय घेणारी माणसं दोन-तीनच असू द्या. मतं सगळ्यांची घ्या, पण अमक्याचा रंग, तमक्याचा फॉन्ट आणि तिसऱ्याचं चिन्ह जोडून तोडगा काढू नका. अशा लोगोला धड चेहराच उरत नाही.

मोठ्या स्क्रीनवर पाहून पसंत करणं

प्रेझेंटेशनमध्ये लोगो पांढऱ्या पानाच्या मधोमध, हातभर मोठा दाखवतात. प्रत्यक्षात तो ब्राउझरच्या टॅबवर १६ पिक्सेलमध्ये बसतो, प्रोफाइल फोटोच्या गोलात कापला जातो, पेनाच्या दांड्यावर छापला जातो आणि टी-शर्टच्या खिशावर दोऱ्याने भरला जातो. पसंती द्यायच्या आधी तो या सगळ्या ठिकाणी, खऱ्या मापात, प्रिंट काढून बघा. पडद्यावर झूम करून बघितलेलं माप फसवतं.

पूर्ण लोगो लहान होत नसेल तर त्याची लहान आवृत्ती वेगळी काढावी लागते. त्यात टॅगलाइन नको, बारीक रेघा नकोत, हवं तर नुसतं चिन्ह. भरतकामात साधारण एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ नीट भरली जात नाही आणि बारीक अक्षरांच्या पोकळ्या दोऱ्याने बुजतात. अ‍ॅपच्या आयकॉनला फोन कधी गोल कापतो, कधी गोलसर चौकोनात. वेब-अ‍ॅपच्या मास्केबल, म्हणजे फोनला हवा तसा कापता येणाऱ्या आयकॉनमध्ये रुंदीच्या ८० टक्के व्यासाचं मधलं वर्तुळ सुरक्षित मानतात, महत्त्वाचं सगळं त्याच्या आत हवं. आकार साधे असले की आणखी एक फायदा होतो. गूगलने २०१५ मध्ये लोगो बदलला तेव्हा मंद इंटरनेटसाठी त्याची केवळ ३०५ बाइटची आवृत्ती करता आली, आधीची सुमारे १४,००० बाइटची होती.

आता एक अशी तक्रार जी छापखान्यातून हमखास येते: ‘कार्डावर लोगोची रिंग जाड दिसते आणि बोर्डावर गायब होते.’ याचं कारण फाइलमध्ये असतं. समजा लोगो १०० मिलिमीटर रुंद काढलाय आणि त्याभोवतीची रिंग म्हणजे एक पॉइंट जाडीची आउटलाइन आहे. कुणीतरी तो कार्डासाठी २० मिलिमीटरवर आणला. लोगो काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये (इलस्ट्रेटर, कोरल) रेघेची जाडी आकारासोबत बदलायची सेटिंग बंद असेल तर रिंग एक पॉइंटचीच राहते, म्हणजे बाकीच्या लोगोच्या मानाने पाचपट जाड. तोच लोगो तीन मीटरच्या बोर्डावर गेला की एक पॉइंट म्हणजे जेमतेम ०.३५ मिलिमीटर. ती रेघ रस्त्यावरून कुणाला दिसणार? इलस्ट्रेटरमध्ये ‘स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स’ आणि कोरलमध्ये ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ ही ती सेटिंग. पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ती चालू असेल यावर विसंबू नका. अंतिम फाइल देताना प्रत्येक आउटलाइनचं आकारात रूपांतर करा, इलस्ट्रेटरमध्ये ‘आउटलाइन स्ट्रोक’ने, कोरलमध्ये ‘कन्व्हर्ट आउटलाइन टू ऑब्जेक्ट’ने. मग लोगो कितीही ताणा, प्रमाण बिघडत नाही.

रंग फक्त पडद्यावर ठरवणं

‘स्क्रीनवर निळा झकास होता, छापून जांभळा आला.’ ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिच्यावर जरा थांबतो. स्क्रीन प्रकाश फेकते, कागद शाईवरून परत आलेला प्रकाश दाखवतो. त्यामुळे आरजीबीतले, म्हणजे स्क्रीनवर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून होणारे झगमगते निळे, पोपटी आणि केशरी सीएमवायके शाईत (छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळ्या आणि काळ्या शाया) मिळतच नाहीत, यंत्र जवळचा मळका रंग देतं. निळ्याचा त्रास सगळ्यात जास्त, कारण तो सायन (आकाशी) आणि मॅजेंटाच्या (गडद गुलाबी) मिश्रणातून होतो आणि मॅजेंटा वाढला की लगेच जांभळ्याकडे झुकतो. मॅजेंटाचं प्रमाण सायनपेक्षा निदान ३० टक्के कमी ठेवलं की निळा निळाच राहतो. म्हणजे सायन १०० असेल तर मॅजेंटा ७० किंवा त्याखाली.

त्यामुळे रंग ठरवायचा क्रम उलटा करा. आधी शाईत तो कसा मिळतो ते प्रूफ (छपाईचा नमुना) काढून बघा, मग त्याच्याशी जुळणारा स्क्रीनचा रंग निवडा. प्रत्येक रंगाचे आरजीबी, हेक्स (वेबसाइटवरचा रंगाचा कोड) आणि सीएमवायके आकडे लिहून ठेवा, रंग अगदी काटेकोर हवा असेल तर पँटोन (तयार शाईचा ठरावीक) क्रमांकही. हे आकडे सॉफ्टवेअरने आपोआप बदलून दिलेले नकोत, डोळ्याने पाहून पक्के केलेले हवेत. पँटोनची शाई तीच असली तरी गुळगुळीत आणि खरखरीत कागदावर ती वेगळी दिसते, म्हणूनच क्रमांकापुढे सी आणि यू अशी अक्षरं असतात. कार्ड एका कागदावर आणि लेटरहेड दुसऱ्यावर छापलं की तोच रंग दोन रंगांसारखा दिसतो आणि भांडण छापखान्याशी होतं. त्या बिचाऱ्याची काही चूक नसते.

रंग निवडताना तो वाचता येतो का हेही पाहा. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या जागतिक निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना आणि अर्थपूर्ण आयकॉनना ३ ला १ चालतो. पांढऱ्यावर करडा मजकूर घ्यायचा तर ७६७६७६ हा हेक्स कोड कसाबसा पास होतो, ७७७७७७ नापास होतो. शुद्ध पिवळा पांढऱ्यावर जेमतेम १.०७ ला १ भरतो, म्हणजे जवळजवळ नाहीच. लोगोला स्वतःला या निकषातून सूट आहे, पण ब्रँडच्या रंगात बटणं आणि मथळे येतातच. पिवळा तुमचा मुख्य रंग असेल तर तो पार्श्वभूमीला वापरा आणि अक्षरं गडद ठेवा. ‘हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद’ असा फरक फक्त रंगावर सोडू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं, विशेषतः पुरुषांमध्ये, आपल्याला वाटतं त्याहून बरीच जास्त असतात.

आणि लोगो आधी फक्त काळ्या रंगात काढा. एका रंगात तो उभा राहत नसेल तर ग्रेडियंटने (एका रंगातून दुसऱ्यात मिसळत जाणाऱ्या छटेने) तो सावरणार नाही. शिक्का, खोदकाम, फॅक्स केलेला फॉर्म, काचेवरची फिल्म, इथे दुसरा रंग मिळत नाही.

दोन लिपींतला लोगो घाईत उरकणं

रोमन लोगोवर महिनोन् महिने काम होतं आणि देवनागरी आवृत्ती शेवटच्या दिवशी, हाताशी असेल त्या फॉन्टमध्ये टाइप करून दिली जाते. मला याचा मनापासून राग येतो, कारण वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. एक नाव घडवलेलं असतं, दुसरं चिकटवलेलं.

दोन्ही लिपींना सारखाच पॉइंट साइज दिला की एक लहान दिसते. शिरोरेघेखालच्या अक्षराची उंची रोमन अक्षरांशी नजरेने जुळवून घ्या आणि वरच्या वेलांट्या-मात्रांना व खालच्या उकारांना वेगळी जागा सोडा. लोगोभोवतीची मोकळी जागा त्या टोकांपासून मोजा, नाहीतर रफार कशाला तरी जाऊन टेकतो. रोमन अक्षरांचे काटकोनी तुकडे जोडून देवनागरी बनवू नका. जाडी, टोकांचं वळण, गोलाई यांत नातं दिसलं तरी पुरे.

काही बिघाड तर निव्वळ सेटिंगचे असतात. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जातेय, जोडाक्षरं फुटतायत? परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडा. वेबसाइटवर शिरोरेघ तुटक दिसतेय? कुणीतरी रोमनसाठी दिलेलं लेटर-स्पेसिंग देवनागरीलाही लागलंय, ते शून्य करा. मात्रांची टोकं कापली जातायत? ओळींमधलं अंतर वाढवा. फॉन्टचं लायसन्सही आधी वाचा. कॉम्प्युटरवर वापरायचं, वेबसाइटवर चढवायचं आणि अ‍ॅपमध्ये टाकायचं लायसन्स पुष्कळदा वेगवेगळं असतं. मुक्त, हिंद, पॉपिन्स यांसारखे दोन्ही लिपी असलेले फॉन्ट खुल्या परवान्यात मिळतात, तिथे ही अडचण येत नाही.

फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू देणं

लोगो फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. पुढचा माणूस त्याचा स्क्रीनशॉट काढतो, तिसरा तो फ्लेक्सवर मोठा करतो. कडा फाटलेल्या लोगोंचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

एकच फोल्डर करा आणि त्याची एकच लिंक सगळ्यांना द्या. छपाईसाठी व्हेक्टर पीडीएफ (कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी), वेबसाइटसाठी एसव्हीजी, ऑफिसच्या कामासाठी पारदर्शक पीएनजी. लोगोमागे पांढरा डबा दिसत असेल तर कुणीतरी जेपीजी वापरलीय, त्या प्रकारात पारदर्शकता नसतेच. छापखान्याला ओपन (बदलता येणारी) फाइल देताना फॉन्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं आकारात रूपांतर करून द्या, नाहीतर त्यांच्याकडे नसलेल्या फॉन्टच्या जागी भलताच येतो. गडद पार्श्वभूमीसाठी पांढरी आवृत्ती वेगळी हवी. ती दिली नाही तर लोक स्वतः बनवतात आणि मग चित्रातल्या डोळ्याचं बुबुळ पांढरं आणि भोवतीचा पांढरा भाग काळा होतो, किंवा सावली उजळते. फाइलच्या नावात रंग, पार्श्वभूमी आणि उपयोग लिहा. ‘फायनल’, ‘फायनल-नवा’ ही नावं सहा महिन्यांनी काहीच सांगत नाहीत. मूळ संपादनयोग्य फाइल आणि लोगोचे हक्क तुमच्या नावे असल्याचं डिझायनरकडून लेखी घ्या. ट्रेडमार्कचंही आधी विचारून घ्या. नोंदणी जुन्या रूपाची असते, रूप ठळक बदललं तर नवा अर्ज लागू शकतो आणि तोवर नव्या रूपाला वर्तुळातलं आर लावणं बऱ्याच देशांत गुन्हा ठरतं.

नियमावली म्हणजे फक्त लोगोची पानं

बऱ्याच ब्रँड मॅन्युअलमध्ये लोगो कसा वापरू नये याची दहा पानं असतात आणि रोजची पोस्ट कशी करायची याचं एकही नसतं. लोगो जाहिरातीच्या एका कोपऱ्यात असतो. उरलेल्या जागेत फॉन्ट, फोटोंचा बाज, मोकळी जागा, आयकॉन आणि भाषेचा सूर दिसतो, एकसंधपणा ठरतो तो तिथे. मथळ्याला कोणता फॉन्ट, मजकुराला कोणता, फोटो उजेडातले की सावलीतले, माणसं कॅमेऱ्याकडे पाहणारी की कामात असलेली, हे ठरवा. त्यावर पोस्ट, प्रेझेंटेशन आणि बिलाचे तयार टेम्प्लेट द्या. वाचावा लागणारा नियम फार थोडे पाळतात, टेम्प्लेटमध्ये तो आपोआप पाळला जातो.

माणसांना आधी सांगणंही यातच आलं. नासाने १९७५ मध्ये ‘वर्म’ नावाने ओळखली जाणारी वळणदार लाल अक्षरं स्वीकारली. तिची नियमावली आजही नमुना म्हणून दाखवतात, त्यात गाड्यांपासून लेटरहेडपर्यंत सगळं होतं. पण आतल्या अनेकांना जुनं निळं गोल चिन्ह प्यारं होतं आणि बदल वरून लादलेला वाटला. १९९२ मध्ये जुनं चिन्ह परत आलं. वर्म पुन्हा दिसली ती २०२० मध्ये, या वेळी जुन्या चिन्हाच्या सोबतीला.

‘बदलला, तरी जुनाच दिसतोय’

जाहीर करायच्या आधी लोगो कुठे कुठे आहे त्याची यादी करा. ईमेलची सही, बिलाचा नमुना, मॅपवरचं प्रोफाइल, जुने पीडीएफ, व्हिडिओवरचा वॉटरमार्क, गणवेश, गाडी, पार्सलची टेप. लोकांच्या डोळ्यासमोर येणारं सगळं एकाच दिवशी बदला, छापील साठा संपेपर्यंत वापरायचा असेल तर त्याला शेवटची तारीख द्या. टॅबवर जुना आयकॉन दिसत राहिला तर तो बहुधा ब्राउझरच्या कॅशमधला, म्हणजे आधी साठवून ठेवलेला असतो. नव्या फाइलला वेगळं नाव द्या, प्रश्न मिटतो. लिंक शेअर केल्यावर जुनं चित्र येत असेल तर फेसबुकच्या ‘शेअरिंग डीबगर’मध्ये आणि लिंक्डइनच्या ‘पोस्ट इन्स्पेक्टर’मध्ये पत्ता टाकून पान पुन्हा वाचायला लावा.

ओरड झाली की घाबरून माघार घेणं, किंवा कान बंद करणं

नवा लोगो आला की टीका होणारच. ती दोन ढिगांत वाटा. ‘आवडला नाही’, ‘जुनाच बरा होता’ हा पहिला ढीग. मे २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने तपकिरी कॅमेरा काढून रंगीबेरंगी आयकॉन आणला तेव्हा याच ढिगाचा डोंगर झाला होता, पण अ‍ॅप लोकांना सापडत होतं. आज त्याच आयकॉनला लोक सरावले आहेत. अशा टीकेला काही आठवडे जाऊ द्या.

‘हे खरंच तुमचंच आहे का?’, ‘अ‍ॅप सापडत नाही’, ‘नकली वाटलं म्हणून घेतलं नाही’ हा दुसरा ढीग. तो लहान असला तरी लगेच दखल घ्या. ऊबरने २०१६ मध्ये आयकॉनमधलं यू अक्षर काढून भौमितिक आकार आणले, २०१८ मध्ये ते पुन्हा सरळ लिहिलेल्या नावावर आले. तुमच्याकडेही दुसरा ढीग वाढत असेल तर सगळं मागे घ्यायची गरज नाही. कोऱ्या कागदांच्या चाचणीत जे सगळ्यात जास्त वेळा आलं होतं, तो रंग, ती चौकट किंवा ते नाव, तेवढं परत आणा. पॅकवर ‘तेच उत्पादन, नवं रूप’ अशी पट्टी काही महिने लावा, अ‍ॅपच्या आयकॉनखालचं नाव बदलू नका आणि ग्राहकसेवेवरच्या माणसाला दर आठवड्याला विचारा की ‘हे तुम्हीच का?’ असं विचारणारे फोन कमी झाले की नाही.